चेटकीण तपास करते तेव्हा: ‘पॅरानॉर्मल कोझी’ ऑडिओबुक समजून घेताना

डिसेंबरात भरितासाठी आम्ही सगळे मावशीच्या गावी जमलो होतो. शिरपूर तालुक्यातलं गाव, उत्तरेला सातपुडा निळा दिसतो. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि मी कोपऱ्यात बसून भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होते, कानात इअरफोन घालून. मावशीनं विचारलं, “काय आयकी राह्यनी वं?” मी सहज सांगून टाकलं, “डाकीननी गोष्ट शे.”

तिचा हात थांबला. भरल्या अंगणात असं नाव काढू नये, एवढंच ती हळूच म्हणाली. रात्री जेवणं झाल्यावर तिनं तिच्या लहानपणीची हकीकत सांगितली. वरच्या अंगाला एका पाड्यावर एका विधवा बाईला हा शब्द चिकटला. शेजारच्या घरातली दोन मुलं तापानं गेली, कुणीतरी बोट दाखवलं, आणि ती बाई रातोरात निघून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. तिचं शेत मात्र दुसऱ्या वर्षी दुसराच कुणी नांगरत होता.

मी ऐकत होते ती अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या, बेकरी चालवणाऱ्या बाईची हलकीफुलकी रहस्यकथा. चूक एका शब्दाची झाली होती: ‘चेटकीण’ म्हणायच्या जागी मी ‘डाकीण’ म्हणाले होते. पण ऑडिओबुकच्या ॲपवर इंग्रजी पुस्तकं चाळताना ‘पॅरानॉर्मल कोझी मिस्टरी’ असा मोठा कप्पा दिसतो, त्यात ‘विच स्लूथ’ म्हणजे तपास करणारी चेटकीण असते, आणि आपल्याकडचा माणूस गोंधळतो. हे भुताखेताचं आहे का? लहान मुलांचं आहे का? अंधश्रद्धा पसरवणारं आहे का? खानदेशात या प्रश्नांची उत्तरं नीट द्यायला हवीत, कारण इथे ‘डाकीण’ हा शब्द अजून जिवंत आहे आणि तो माणसांचे जीव घेतो.

आधी शब्दांची गाठ सोडवू

‘मिस्टरी’ म्हणजे रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. ‘कोझी’ म्हणजे ऊबदार, गोधडीत शिरल्यासारखं. ‘पॅरानॉर्मल’ म्हणजे नेहमीच्या अनुभवापलीकडचं: भूत, जादू, बोलणारं मांजर. ‘स्लूथ’ म्हणजे शोध घेणारी व्यक्ती, आपल्या भाषेत गुप्तहेर. हे सगळे शब्द जोडले की अशी रहस्यकथा तयार होते, जिच्यात खून होतो पण अंगावर काटा येत नाही, जादू असते पण भीती वाटत नाही, आणि खुनी शोधणारी बाई पोलीस नसून चेटकीण असते.

हा साचा एकदा ओळखला की लगेच कळतो. नायिका बहुधा तिशी-चाळिशीतली. आजीचं जुनं घर किंवा दुकान वारशात मिळतं, आणि त्याच्याबरोबर आपल्यात काहीतरी वेगळी शक्ती आहे हेही कळतं. दुकान बेकरीचं, चहाचं, पुस्तकांचं नाही तर औषधी वनस्पतींचं. एक मांजर, एक आगाऊ मैत्रीण, एक सरळमार्गी पोलीस अधिकारी. गावात कुणीतरी मरतं, संशय नायिकेवर किंवा तिच्या जवळच्या माणसावर येतो, आणि स्वतःवरचा डाग पुसण्यासाठी ती शोधाला लागते. बहुतेक पुस्तकं मालिकेत येतात. गाव तेच, माणसं तीच, मरणारा नवा.

खून झाला तर ऊब कसली?

पहिली शंका हीच असते, आणि ती रास्त आहे. उत्तर भरितात आहे. वांगं आगीवरच भाजावं लागतं, नाहीतर ती चव येत नाही. पण जळालेली साल आपण काढून टाकतो, ताटात येतो तो फक्त धुराचा वास. कोझीत हिंसा अशीच असते. खून पडद्याआड होतो. रक्ताचं, छळाचं वर्णन नसतं, लहान मुलांवर अत्याचार नसतो, शिवीगाळ नसते. मृत्यूमुळे जो प्रश्न उभा राहतो, तेवढाच आपल्यापर्यंत पोचतो.

बाकीची ऊब गावातून येते. कुणाच्या घरी कोण आलं, कुणाचा बांधावरून वाद आहे, कुणाची सून माहेरी गेली, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं गाव आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल १९३० मध्ये पहिल्यांदा पूर्ण कादंबरीत आली. ती अशाच एका इंग्रजी खेड्यातली म्हातारी, विणकाम करत सगळ्यांचं ऐकून घेणारी. माणसाचा स्वभाव तिला गावातच शिकायला मिळाला होता. ‘कोझी’ हे नाव रूढ झालं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण घराणं तेच. आणि अशा कथेत शेवटी घडी बसते. खुनी सापडतो, गाव पुन्हा श्वास घेतं. दिवसभर बातम्या पाहून थकलेल्या माणसाला हे का हवंसं वाटतं, हे मला मनापासून समजतं.

जादू असेल तर तपास कशाला?

ही शंका जास्त टोकदार आहे. मंत्र म्हटला, खुनी दिसला, गोष्ट संपली, असं का होत नाही?

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू रहस्यकथाही लिहीत. १९२९ मध्ये त्यांनी या कथांसाठी दहा नियम मांडले, आणि त्यातला दुसराच नियम असा, की अलौकिक शक्तींना इथे प्रवेश नाही. त्यामागचं कारण वाचकाशी प्रामाणिक राहण्याचं होतं. लेखकानं सगळे धागेदोरे वाचकासमोर ठेवायचे, वाचकाला स्वतः उत्तर शोधायची संधी द्यायची. तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायचा, तसं. भुतानं येऊन नाव सांगितलं तर तराजूखाली अंगठा लावल्यासारखंच झालं.

मग चेटकिणीची रहस्यकथा हा नियम मोडते? वरवर पाहता मोडते. पण चांगली लेखिका एक काम करते: जादूला मर्यादा घालते आणि ती मर्यादा सुरुवातीलाच सांगून टाकते. आपल्या शेतीच्या विजेसारखं समजा. वीज आहे, पण ठराविक तासांची, बऱ्याचदा रात्रीची, आणि मधेच डीपी उडते. त्यामुळे कुठल्या वाफ्याला आधी पाणी द्यायचं हे डोकं शेतकऱ्यालाच चालवावं लागतं. नायिकेची शक्ती तशीच. तिला मेलेल्याचं भूत दिसतं, पण वार मागून झाला म्हणून भुतालाच मारेकरी माहीत नसतो. ती मनातलं ऐकू शकते, पण एका वेळी एकाच माणसाचं, आणि त्यानंतर डोकं ठणकतं. शिवाय जे कळलं ते पोलिसांना सांगता येत नाही. “मला भुतानं सांगितलं” यावर कोण अटक करणार? म्हणून शेवटी तिला पावती, चप्पल, कपावरचा ठसा, खोटा निघालेला वेळ असं काहीतरी हाताला लागणारं शोधावंच लागतं.

या शेवटच्या मुद्द्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

ही ‘विच’ इतकी गोड कधी झाली?

तीही एके काळी मारलीच जात होती. युरोपात साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड झाला असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य बायका होत्या. आणि हे रानावनात नव्हे, न्यायालयात, कागदोपत्री, शिकल्यासवरल्या माणसांच्या हातून झालं. डाकीण प्रथा म्हटलं की आपण लगेच सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांकडे बोट दाखवतो. आपण हा इतिहास जरूर वाचावा.

अमेरिकेतल्या सेलम गावातली हकीकत १६९२ ची. काही मुलींना झटके येऊ लागले, त्यांनी नावं घेतली, आणि वर्षभरात एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, काही जण तुरुंगातच मेले. त्या खटल्यांत एक विचित्र पुरावा मान्य केला होता. तक्रार करणारी म्हणे, “त्या बाईचं रूप रात्री माझ्याकडे आलं आणि मला छळून गेलं.” ती बाई त्या वेळी स्वतःच्या घरात झोपलेली होती याला अर्थ नव्हता, कारण आलं होतं ते तिचं ‘रूप’. इंग्रजीत याला ‘स्पेक्ट्रल एव्हिडन्स’ म्हणतात, आपण छायापुरावा म्हणू. याच्यापुढे कुणीच निर्दोष ठरू शकत नाही. पुढे गव्हर्नरनं ते न्यायालय बरखास्त केलं, नव्या न्यायालयानं छायापुरावा नाकारला, आणि खटले कोसळले. त्यातल्या एका बाईचं नाव अधिकृतपणे निर्दोष व्हायला मात्र २०२२ साल उजाडलं.

इंग्लंडमध्येही एखाद्या बाईजवळ मांजर, बेडूक असं पाळीव जनावर असणं तिच्याविरुद्ध वापरलं जाई. ते सैतानाचं हस्तक मानत. झाडपाला माहीत असणं, एकटं राहणं, फटकळ असणं, हेही अंगाशी येई. आता कोझीतल्या नायिकेकडे पुन्हा पाहा: एकटी बाई, औषधी वनस्पतींचं दुकान, तोंडाची फटकळ, आणि मांडीवर मांजर. ज्या ज्या गोष्टीसाठी तिच्या पणजीच्या पणजीला फासावर चढवलं असतं, ती प्रत्येक गोष्ट इथे तिचं बळ झालेली आहे.

हा बदल सावकाश झाला. ब्रिटननं चेटूकविषयक जुना कायदा १९५१ मध्ये रद्द केला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी विक्का या नव्या निसर्गपूजक पंथाचा उघड प्रचार केला, स्त्रियांच्या चळवळीनं ‘विच’ हा शब्द अभिमानानं उचलला, दूरचित्रवाणीवर प्रेमळ चेटकिणी आल्या. सेलम आज पर्यटकांचं गाव आहे. आपल्याकडेही बालनाट्यातल्या चेटकिणीला पोरं टाळ्या वाजवून हसतात. रत्नाकर मतकरींच्या चेटकिणीचं सोंग दिलीप प्रभावळकरांनी केलं, आणि ते पाहून मोठी झालेली माणसं आज आपल्या नातवंडांना ते सांगतात. पण मराठीतली चेटकीण नाटकात राहते. डाकीण शेजारच्या घरात राहते, असं अजून काहींना वाटतं. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. मी वापरला, ती माझी चूक.

भगत आणि गुप्तहेर

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावच्या बाजूला डाकीण ठरवण्याची रीत साधारण अशी असते. घरात आजार येतो, मूल दगावतं, गाय-बैल मरतो. दवाखाना लांब असतो. घरचे भगताकडे जातात. तो दाणे टाकतो, घुमतो, आणि खूण सांगतो किंवा थेट नाव घेतो. नाव आलं की झालं. त्यानंतर त्या बाईनं काहीही केलं तरी तो पुरावाच. रडली तर नाटक, गप्प बसली तर मुरलेली. मारहाण, बहिष्कार, गाव सोडायला लावणं, कधी खून. आणि नाव बहुधा कुणाचं येतं? विधवेचं, निपुत्रिक बाईचं, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिचं, जिचं भावकीशी भांडण आहे तिचं. याच पाड्यांतली शिकलेली आदिवासी मुलं-मुली आज या प्रथेविरुद्ध उभी आहेत, घरच्यांचा रोष पत्करून. ही गोष्ट बातम्यांत फार कमी येते.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवा. भगत नावापासून सुरुवात करतो, पुरावा मागून गोळा होतो. गुप्तहेर पुराव्यापासून सुरुवात करतो, नाव सगळ्यात शेवटी येतं. भगताला शंका चालत नाही, रहस्यकथेचं पोटच शंकेवर भरतं. तिथे पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर सगळ्यांचं बोट असतं, तो जवळजवळ कधीच खुनी नसतो. शंभर अशा कथा ऐकलेल्या माणसाच्या कानाला एक सवय लागते: सगळं गाव एकाच दिशेला बोट दाखवतंय म्हटल्यावर थांबायचं, आणि या मरणानं फायदा कुणाचा झाला हे विचारायचं. मावशीच्या गोष्टीतलं ते शेत कुणी नांगरलं, हा प्रश्न तेव्हा कुणीच विचारला नाही.

म्हणून चेटकीण गुप्तहेर होते ही मला नुसती गंमत वाटत नाही. जिच्यावर आरोप व्हायचा, तीच आता प्रश्न विचारते. आणि तिच्याकडे जादू असूनही लेखिका तिला छायापुराव्यावर कुणाला पकडू देत नाही. सेलमनं जे फार उशिरा मानलं, तो या कथांचा पहिला नियम आहे.

पण यानं अंधश्रद्धा वाढणार नाही का?

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं तो कायदा मंजूर केला. ज्या राज्यानं ही किंमत मोजली, तिथे जादूच्या गोष्टी ऐकताना मनात प्रश्न यायलाच हवा.

जादूटोणाविरोधी कायद्याचं बोट असतं ते कृत्यांवर. अमुक व्यक्ती करणी करते, चेटूक करते असं पसरवून तिचं जगणं अवघड करणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराच्या दाव्यानं फसवणं, अशी कृत्यं त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कल्पित आहे असं सांगून लिहिलेली गोष्ट ऐकणं यात कुठेच येत नाही.

कायद्यापलीकडे माझं मत सांगते. गोष्ट ‘गोष्ट’ म्हणून समोर येते तेव्हा ती आपल्याला फसवत नाही. बोलणारं मांजर खरं आहे असं कुणी श्रोत्याला पटवत नसतं. धोका असतो तो ‘सत्य घटनेवर आधारित’ असं पुटपुटत भीती विकणाऱ्या ध्वनिफितींचा. त्यात करणी खरी, मांत्रिक तारणहार, आणि दोषी पुन्हा एखादी बाईच. त्या मी घरात लावू देत नाही. लहान मुलं ऐकत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं आणि यातलं काय बनवलेलं आहे ते बोलावं, एवढं पुरेसं आहे.

वाचायचं सोडून ऐकायचं कशाला?

ऐकणं हे वाचनापेक्षा कमी दर्जाचं, असं मानणाऱ्यांना मी आसोद्याला घेऊन जाईन. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात राहिल्या, घरच्यांनी ऐकून टिपून ठेवलं, आणि १९५२ मध्ये त्यांच्या मागे ते पुस्तक झालं. खानदेशचं सगळ्यात मोठं साहित्य आधी कानांनी घेतलेलं आहे.

पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची कल्पनाही गरजेतून आली. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध व्यक्तींसाठी पहिली ‘बोलकी पुस्तकं’ तबकड्यांवर निघाली, आणि त्या पहिल्या खेपेतच अगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकादंबरी होती. आज तेच काम फोन करतो. निवेदक तासाला साधारण नऊ हजार शब्द वाचतो, म्हणजे सत्तर हजार शब्दांची कादंबरी साडेसात-आठ तासांची. धुळ्याहून रात्रीच्या एसटीत बसलात तर मुंबई येईपर्यंत खुनी सापडतो. कापूस वेचताना, पापड लाटताना, वांगी सोलताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

रहस्यकथा ऐकण्यात एक वेगळी मजा आणि एक अडचण आहे. पान मागे उलटता येत नाही. धागा वाक्याच्या मधोमध, कणीक मळण्याच्या वर्णनात, सहज सरकवलेला असतो आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. म्हणून पहिली दोन प्रकरणं शांतपणे ऐकावीत, तिथे सगळी माणसं ओळखीची होतात. इंग्रजी जड जात असेल तर वेग थोडा कमी करावा, आठवडाभरात कान बसतो. विकत घेण्याआधी नमुना ऐकावा, कारण आठ तास ज्या आवाजाबरोबर राहायचं तो आवडायला हवा. चांगली निवेदिका वीस माणसं वेगळी करते आणि तरी खुन्याच्या आवाजात कधी खोट दाखवत नाही. तो कसबी अभिनय आहे, आणि त्याचं श्रेय फार कमी जण देतात.

आपल्या मातीत हे रुजेल का?

मराठी ऑडिओबुकं आता भरपूर आहेत. स्टोरीटेल भारतात २०१७ मध्ये आलं, तेव्हापासून मराठी रहस्यकथा कानांवर पडू लागल्या आहेत. पण रक्तरंजित थरार आणि भयकथा पुष्कळ, ऊबदार कथा कमी. मला वाटतं खानदेशात त्यासाठी सगळं तयार आहे. आखाजीला माहेरी जमलेल्या लेकी, झोक्यावरची गाणी, कानबाईच्या रोटाला एकत्र आलेली भावकी, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, जिथे अनोळखी माणूस आणि मोठी रक्कम दोन्ही एकाच वेळी गावात असतात. तपास करणारी बाई सुईण असू शकते, अंगणवाडीची ताई असू शकते, गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत जिची ये-जा आहे अशी कुणीही. लेखिकेनं तिला थोडी जादू द्यावी, हवी तर. पण तिला डाकीण म्हणू नये, आणि गावानं तसं म्हटलं तर त्या शब्दाचा जाब गोष्टीतच विचारला जावा.

भरिताच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं स्वतःहून इअरफोनचा एक बोंडा मागितला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी थांबत थांबत अहिराणीत सांगत गेले. बेकरी तिला आवडली, मांजर आवडलं नाही. पोलीस भला माणूस आहे याच्यावर तिचा विश्वास बसेना. खुनी मेलेल्याचा भागीदार निघणार हे तिनं पाचव्या प्रकरणातच ओळखलं, आणि ते खरं निघालं. पण तिला खुन्यात फारसा रस नव्हता. शेवटचं प्रकरण सुरू झालं तसं तिनं माझा हात धरून विचारलं, “शेवटले त्या बाईले गावमा राहू देतस का?”

मी म्हटलं, हो. दुकानाचं दार उघडं आहे, आणि सकाळी सकाळीच पाव घ्यायला गाव रांगेत उभं आहे. मावशी म्हणाली, पुढचा भाग लाव.